भुमकर चौकातलं ॲव्हरेज

परवा दुपारी भुमकर चौकात अडकलो होतो. बाबांना डॉक्टरांना दाखवून परत कोथरूडला आणत होते. पुढे पाण्याचा टँकर, मागे कुठल्याशा कंपनीची बस, आणि मधे आम्ही. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. तिचं इंजिन आपलं आपण थांबलं. एसी चालूच होता. टँकर जरासा हलला, तशी आमची गाडीही पाच-सात फूट पुढे सरकली, कसलाही आवाज न करता. बाबांनी डॅशबोर्डकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बंद पडली?"

"नाही बाबा. बॅटरीवर चाललीये."

"हं."

हा संवाद आमच्यात दर ट्रॅफिकला होतो. बाबा विसरतात असं नाही, त्यांना ते पटत नाही एवढंच. इंजिन बंद असताना गाडी पुढे जाते ती उतारावर. भुमकर चौकात उतार नाही. तेव्हा काहीतरी गडबड आहे, असं त्यांचं साधं म्हणणं.

उतार हा बाबांचा खास विषय. आमच्याकडे चेतक होती. सुट्टीत साताऱ्याला आजोळी जायचं ते चेतकवरून. मी पुढे उभी, हँडलच्या मधोमध धरून. मागे आई, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत कंदी पेढे आणि आजीने दिलेलं लोणचं. येताना कात्रजचा बोगदा पार केला की बाबा स्कूटर न्यूट्रल करायचे आणि सरळ इंजिन बंद करून टाकायचे. आख्खा घाट फुकट. एकदम शांत व्हायचं सगळं. मग टायरांची सरसर ऐकू यायची, कानात वारा, आणि आईचं "अहो, कशाला हे" सुरू व्हायचं. आमच्या चेतकचा हॉर्न इंजिन चालू असलं तरच वाजायचा. त्यामुळे वळणावर बाबा तोंडाने "ओऽऽ बाजूला!" असं ओरडायचे, आणि मला वाटायचं की घाटात असंच करतात. खाली कात्रज गावाशी सपाटी लागली, स्कूटर अगदी थांबायला आली, की मग किक. तोवर आई रामरक्षेच्या उत्तरार्धात.

त्या घाटात वाचलेलं पेट्रोल असेल छटाकभर. पण त्याची नोंद व्हायची. सहकारी बँकेने दिवाळीला दिलेल्या डायरीत बाबांचे रकाने होते : तारीख, किलोमीटर, लिटर, भाव, ॲव्हरेज. शिसपेन्सिलने, दोन दशांश स्थळांपर्यंत. मधेच शेरे : 'हवा भरली', 'प्लग साफ', 'सासरे सोबत' (म्हणजे वजन जास्त, तेवढी सूट धरावी). १९९० मध्ये आखाती संकटात पेट्रोल महागलं, तेव्हा भावाच्या रकान्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. त्या डायऱ्या अजून माळ्यावर आहेत. गाडी रिझर्व्हला लागली की स्कूटर आडवी करायची, तळाचं थेंबभर पेट्रोल नळीत येऊ द्यायचं, आणि तेवढ्यावर पंप गाठायचा, हे मला सायकल यायच्या आधी येत होतं.

बाबांचे नियम तीनच. ब्रेक म्हणजे जळलेलं पेट्रोल. सिग्नलला उभं राहणं म्हणजे नुकसान. आणि मोकळा रस्ता मिळाला की गाडी खरी देते. हायब्रिडने हे तिन्ही नियम उलटे केले, आणि बाबांची खरी तक्रार तीच असावी. ब्रेक हलका आणि लांबून दाबला तर बॅटरी भरते. सिग्नलला खर्च शून्य. मोकळा रस्ता मिळाला की ॲव्हरेज घसरतं.

गाडी मी चालवते. नवरा रविवारी सकाळी चालवतो तेवढीच. तरी मुंज असो, बारसं असो, पंगतीतून उठून हात धुताना प्रश्न त्यालाच येतो, "हायब्रिड ना? किती देते?" तो छाती जराशी पुढे काढून सांगतो, "पंचवीस-सव्वीस." मी बाजूला बडीशेप चघळत उभी. मला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी "बावीस, कधी तेवीस" म्हणते. त्यावर समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो परत नवऱ्याकडे वळतो. ॲव्हरेज सांगणारा दोन चढवतो, ऐकणारा मनातल्या मनात तीन उतरवतो. म्हणजे शेवटी खऱ्याच्या जरा खालीच बसतं सगळं, आणि कोणाचंही नुकसान होत नाही.

नवऱ्याच्या रविवारचं मात्र ऐकण्यासारखं आहे. सकाळी साहेब जिलबी आणायला जातात. दोन किलोमीटर जाणं, दोन येणं. इंजिन थंड. हायब्रिड असली तरी सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होतंच, ते स्वतःला आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला तापवायला. तापेस्तोवर जिलबीचं दुकान आलेलं असतं. तिथे गाडी अर्धा तास गार, परत येताना पुन्हा तेच. पडद्यावर चौदा दिसतं. मी सोमवारी त्याच गाडीने हिंजवडीला जाते, चांदणी चौकापासून वाकडपर्यंत सरपटत, शिव्या देत, आणि पडद्यावर तेवीस-चोवीस. ज्या रस्त्याने मला रडवलं तोच मला बक्षीस देतो. नवऱ्याला हे दाखवलं की तो म्हणतो, पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं ना. असतं, वीस टक्के, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. पण सोमवारीही टाकीत तेच होतं.

ॲव्हरेजचा कागदावरचा, म्हणजे कंपनी सांगते तो आकडा कुठून येतो, हे कोथरूडकरांना खरं तर ठाऊक हवं. आम्ही पहाटे ज्या टेकडीवर फिरायला जातो तिला सरळ एआरएआय टेकडी म्हणतो. मोर ओरडतात, आज्या टाळ्या वाजवून हसतात, आणि १९६६ पासूनची ती वाहनसंशोधनाची संस्था तिथेच आहे, याचं कुणाला काही नाही. गाडीची तपासणी तिकडे हरियाणात मानेसरला झाली असली तरी लोक म्हणणार, "एआरएआय सत्तावीस आहे." मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या हायब्रिड जुळ्या बहिणी २०२२ मध्ये आल्या, दोघींचा जन्म बंगळुरूजवळच्या बिडदीचा, दोघींचा कागदावरचा आकडा २७.९७. अठ्ठावीसला तीन शतांश कमी. बाटाच्या चपलेच्या किमतीची आठवण यावी असा आकडा.

ही परीक्षा रस्त्यावर होतच नाही. गाडी रोलरवर उभी, चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद. खड्डा नाही, वारा नाही, मागे सासरे नाहीत. शहराचा धडा म्हणजे पंधरापर्यंत जा, थांब. बत्तीसपर्यंत जा, थांब. पन्नासपर्यंत जा, थांब. हाच धडा चार वेळा. मग एकदा नव्वदपर्यंत, आणि वीस मिनिटांत कारभार आटोपला. गंमत म्हणजे पेट्रोल किती गेलं ते टाकीत काठी घालून बघत नाहीत. धूर पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून मागे हिशेब करत पेट्रोल काढतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खूश झाले. उष्ट्या पत्रावळीवरून जेवणाऱ्याची भूक सांगणारे आचारी त्यांनी पाहिले आहेत.

त्या धड्यात गाडी बराच वेळ नुसती उभी असते. साध्या पेट्रोल गाडीला ते उभं राहणं महागात पडतं, हायब्रिडला फुकट. म्हणजे परीक्षेचा पेपर भुमकर चौकाने काढलाय, फक्त एसी वगळून. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एसी वगळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. बाबा सोडून. बाबा काच खाली करतात.

पण बाबांचा खरा अपमान झाला तो बोरघाटात. बहिणीकडे ठाण्याला निघालो होतो. लोणावळा मागे पडलं, उतार लागला, आणि बाबा सावरून बसले. आता बघू तुझी गाडी. सुरुवातीला सगळं त्यांच्या मनासारखं झालं. इंजिन बंद, पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाणारे हिरवे बाण. "बघ, आता फुकट," ते म्हणाले. आणि घाट अर्धाही संपला नसेल, तोच इंजिन एकदम घुमायला लागलं. चढावर ओरडावं तसं. उतारावर!

कारण साधं आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, खोपोली जवळजवळ पायथ्याला. तेराशे किलोची गाडी आणि त्यात आम्ही चौघं एवढं खाली उतरतो, तेव्हा दोन-सव्वादोन युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही वाऱ्याला, काही टायरांना. उरलेली साठवायची तर बॅटरी केवढी, पाऊण युनिटची. ती भरली की जास्तीची ऊर्जा जाणार कुठे? मग गाडी इंजिनला नुसतंच फिरवते, पेट्रोलचा थेंब न देता, म्हणजे वेग आवरलेला राहतो आणि ब्रेक तापत नाहीत. मी हे सगळं बाबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे सपाटीला बंद, आणि उताराला चालू."

"हो, पण पेट्रोल जळत नाही बाबा."

"आवाज तर येतोय."

आवाज येतोय म्हणजे पैसे जातायत, हे त्यांच्या कानात इतकं पक्कं बसलंय की तिथे माझं पदार्थविज्ञान चालत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही कात्रजचा घाटच बरा वाटला. तिथे काय वाचतंय ते आम्हाला कळत होतं. ते आम्ही वाचवत होतो, जीव मुठीत धरून, आईच्या रामरक्षेच्या भरवशावर. इथे गाडी वाचवते. माझं काम एवढंच की मधे मधे करायचं नाही, आणि हे काम बाबांच्या पिढीला कधी शिकवलेलंच नाही. पुढच्या पिढीचं काय सांगावं. मुलगा मागे बसून पडद्यावरचे बाण बघतो आणि उतारावर "आज्जू, चार्जिंग!" म्हणून ओरडतो. बाबा त्याला उत्तर देत नाहीत.

घाट संपून सपाट एक्सप्रेसवे लागला की आकडा घसरतोच. शंभरच्या वेगाला वाऱ्याचा विरोध ऐंशीच्या दीडपट होतो, आणि आमच्या गाडीचं तोंड काही लहान नाही. तिथे मोटर फारशी कामाला येत नाही, ब्रेक लागत नाही, इंजिन आपलं एकटंच ओढतं. अठरा, कधी साडेसतरा. नवऱ्याच्या डिझेलवाल्या मित्राला हे कळलं त्या दिवशी त्याने पार्टी द्यायची तेवढी बाकी ठेवली.

परवा डॉक्टरांकडून आल्यावर बाबांनी चहा होईस्तोवर हिशेब मांडला. नवीन डायरीत, त्याच शिसपेन्सिलने. हायब्रिडसाठी आपण साध्या गाडीपेक्षा किती जास्त दिले? अडीच लाख धरू. वर्षाचं फिरणं? दहा हजार किलोमीटर. साधी गाडी तेरा देते, ही बावीस. (बावीस त्यांनी माझं धरलं, नवऱ्याचं पंचवीस नाही. मी काही बोलले नाही.) एकीला वर्षाला सातशे एकोणसत्तर लिटर, दुसरीला चारशे पंचावन्न. वाचले तीनशे चौदा. भाव एकशे पाच धरला तर वर्षाला तेहतीस हजार. अडीच लाख फिटायला साडेसात वर्षं आणि वर महिना.

"आणि बॅटरीची वॉरंटी?" त्यांनी विचारलं.

"आठ वर्षं."

त्यांनी वजाबाकी केली. खाली दोन रेघा मारल्या. "म्हणजे नफा पाच महिन्यांचा."

मी म्हटलं, बाबा, वाचतंय म्हणून आपण फिरतोही जास्त. मागच्या आठवड्यात नुसती भजी खायला लोणावळ्याला गेलो, ते यात कुठे धरलंय? इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय, की यंत्रं काटकसरी झाली की कोळसा उलट जास्त जळतो. बाबा म्हणाले भजी चांगली होती, आणि पान उलटलं.

त्या पाच महिन्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. नवरा म्हणतो दुसरी गाडी बघू. बाबांचं म्हणणं, गोव्याला जाऊन येऊ, पण साठच्या वर जायचं नाही.