तुम्ही विचारलंत म्हणून : स्वभावाला औषध असते का?

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते, हे एकदा कळले की लग्नाच्या पंगतीत असो वा एसटी स्टँडवर, एक प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, व्यक्तिमत्त्वाचे एवढे सिद्धांत शिकवता, तर माणसाचा मूळ स्वभाव बदलतो का, तेवढे सांगा." विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादी ठरावीक व्यक्ती असते. कुणाला होणाऱ्या जावयाची काळजी असते, कुणाला भावकीतल्या भांडकुदळ चुलत्याची, आणि बऱ्याच जणांना स्वतःच्या मुलाची. माझे उत्तर पंगत उठेपर्यंत संपत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे हा विषय बाहेरून आलेला नाही. सज्जनगड शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि समर्थांच्या दासबोधातला दुसरा दशक म्हणजे स्वभाववर्णनाचा खजिनाच आहे. मूर्खाची लक्षणे, पढतमूर्खाची लक्षणे, रज, तम आणि सत्त्व या गुणांची लक्षणे तेथे एकापाठोपाठ एक येतात. पढतमूर्ख हा तर इतका नेमका टिपलेला आहे की आमच्या शिक्षककक्षात त्याचे वाचन जरा जपूनच करावे लागते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे असे की समर्थ ही लक्षणे ऐकणाऱ्याने टाकावीत किंवा घ्यावीत म्हणून सांगतात. स्वभाव हलवता येतो, हे त्यांनी गृहीतच धरलेले आहे.

पाश्चात्त्य सिद्धांतांत या बाबतीत सर्वांत निराश फ्रॉइड. मनोविश्लेषणाच्या या जनकाने १९२३ मध्ये इदम् (आंधळ्या इच्छा), अहम् (व्यवहार पाहणारा मी) आणि पराहम् (आतला नैतिक धाक) अशी मनाची त्रिविध मांडणी केली. बालपणीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत व्यक्तिमत्त्वाचा पाया घातला जातो आणि पुढचे आयुष्य बरेचसे त्याच पायावर उभे राहते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यापासून फुटून निघालेल्या ॲडलरने न्यूनगंडाची कल्पना दिली, युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख असे प्रकार सांगितले. या कल्पना आज चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. हे सिद्धांत झालेल्या गोष्टीचा अर्थ छान लावतात. पण उद्या हा माणूस काय करील, हे त्यांच्या आधारे सांगता येत नाही. म्हणून ते मी आवडीने शिकवते, मात्र कुणाच्या मुलाबद्दल बोलताना वापरत नाही.

मोजमाप करणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द गोळा केले. कॅटेलने घटक-विश्लेषणाची, म्हणजे एकत्र आढळणारे गुण एका गटात आणण्याची, गणिती पद्धत वापरून १६ घटकांपर्यंत मजल मारली. पुढे अनेकांच्या कामातून आज सर्वाधिक मान्य असलेले पाच गुणविशेष स्थिरावले : अनुभवांबाबतचा मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सलोख्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. येथे माणसांचे कप्पे पाडलेले नाहीत, हे लक्षात घ्यावे. प्रत्येकात पाचही गुण कमीअधिक असतात, आणि बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात.

मात्र ज्या संशोधनाने मला या विषयाकडे खऱ्या अर्थाने ओढले, ते वेगळेच आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे यांनी १०,००० हून अधिक शाळकरी मुलांना खोटे बोलण्याची, दुसऱ्याची उत्तरे चोरण्याची, वस्तू किंवा पैसे लांबवण्याची संधी मिळेल अशा प्रसंगांत ठेवून पाहिले. प्रामाणिक मुले एका बाजूला आणि लबाड दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी होईल, अशी अपेक्षा कुणीही केली असती. तसे झाले नाही. वर्गात उत्तरे चोरणारे मूल पैशाला हात लावीलच असे नव्हते, आणि पैशाच्या बाबतीत चोख असलेले मूल खेळातले गुण वाढवून सांगत होते. वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये असा पुरावा एकत्र मांडून दाखवले की, एखादा गुणविशेष मोजून विशिष्ट प्रसंगातल्या वर्तनाचा अंदाज बांधू गेल्यास सहसंबंध (म्हणजे दोन गोष्टींचा मेळ; पूर्ण मेळ असला तर १, मुळीच नसला तर ०) साधारणतः ०.३० च्या पुढे जात नाही. यावरून पुढची वीस वर्षे या क्षेत्रात कडाक्याचे वाद झाले. शेवटी खुद्द मिशेलनेच असा तोडगा मांडला की, माणसात सातत्य असते, पण ते 'असे झाले की तो तसा वागतो' या स्वरूपाचे असते.

ओळखीच्या एका वहिनींची तक्रार होती की मुलगा फार बुजरा आहे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो, हाक मारली तरी दाराआडूनच 'हो' म्हणतो. हाच मुलगा गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाच्या पहिल्या रांगेत असतो, मागच्यांचा ठेका चुकला की वळून खणखणीत आवाजात सुधारतो. यातला खरा मुलगा कोणता, असे विचारण्यात अर्थ नाही. जेथे काय करायचे ते ठरलेले असते तेथे तो मोकळा असतो, आणि जेथे 'कितवीला, किती टक्के' अशी चौकशी होणार असते तेथे तो आक्रसतो. बुजरा या एका शब्दापेक्षा ही माहिती त्याच्या आईच्या अधिक कामाची आहे.

मोबाईलवर स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या असतात, त्यांचे वर्णन प्रत्येकाला आपलेच का वाटते, याबाबत थोडे. बर्ट्राम फोररने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि 'तुमचे वर्णन' म्हणून सर्वांना एकच मजकूर दिला, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा प्रयोग मी वर्गात करते, आणि शेजारणीच्या हातातही तोच कागद आहे हे कळेपर्यंत मुली तो घडी घालून जपून ठेवत असतात.

आता मूळ प्रश्न. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसते की माणसामाणसांतल्या स्वभावभेदाचा साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक असतो. उरलेला मोठा भाग अनुभवाचा असतो. मानसशास्त्रज्ञ बंडुरा म्हणतो त्याप्रमाणे माणूस दुसऱ्याचे पाहून शिकतो, आणि परिस्थिती माणसाला घडवते तसा माणूसही परिस्थिती घडवतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये याच साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात एकत्र ठेवले, तेव्हा हा सिद्धांत कुणी मांडलेलाही नव्हता. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून दाखवले की विशी ते चाळिशीच्या दरम्यान कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढते. त्यांच्याच २०१७ च्या आढाव्यात, मानसोपचारांसारख्या उपचारांनंतर, सरासरी सुमारे २४ आठवड्यांत, भावनिक अस्थिरता लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे २०७ अभ्यासांतून आढळले.

म्हणजे स्वभाव बदलतो, पण सावकाश, आणि सगळा नाही. मुलगी लग्न करून गेली की जावयाचा तापटपणा आपोआप निवळेल, या आशेला मात्र या संशोधनातून काहीच आधार मिळत नाही. विशीतला बदल ही सरासरी आहे, आणि एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल ती हमी देत नाही. अशा वेळी मी आईवडिलांना एवढेच सुचवते की होणाऱ्या जावयाचा स्वभाव कसा आहे हे मध्यस्थाला विचारू नये. तो धंद्यात खोट आल्यावर घरी कसा वागला, हाताखालच्या माणसाची चूक झाली तेव्हा काय बोलला, हे त्याच्या दुकानातल्या गड्याला विचारावे.