अर्धा आटा

रविवार, रात्री साडेनऊ

मृग पूर्ण कोरडा गेला, काल एकदाचा पाऊस आला, म्हणून आज सकाळी सहालाच माझ्या पोरीला, चिऊला, छोटी मोटरसायकल शिकवायला घेऊन उमरेड रोडवर मित्राच्या लेआउटवर गेलो, आबाही सोबत आले. त्याचे प्लॉट काही विकून नाही राहिले, आमच्या मात्र कामी येऊन राहिले. तारेचं कंपाउंड आहे, आत मुरूम दाबलेले रस्ते आणि मागच्या कोपऱ्यात नुसती काळी माती, शिकायला याच्यापेक्षा अजून काय पाहिजे. रस्त्यावर न्यायचा तर प्रश्नच नाही, पन्नास सीसीची बिनगिअरची गाडी चालवायलाही कायद्याने १६ पूर्ण लागतात, ही सात वर्षांची, आणि २०१९ पासून लहान पोराने रस्त्यावर गाडी चालवली की मायबापाला २५ हजार दंड न् वरून ३ वर्षांपर्यंत जेल. आमच्या कॉलनीतले पोट्टे तरी ट्युशनला स्कूटीवरच जातात, तो भाग वेगळा.

गाडी सेकंड हँड आहे, यामाहाची पीडब्ल्यू ५०. ऑटोमॅटिक, चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे झाकलेला फिरता दांडा, त्यामुळे बोटं अडकायची भीती नाही, दोन्ही ब्रेक हातात, सायकलसारखे, आणि वजन चाळीस किलोच्या आसपास. मला सगळ्यात आवडतो तो थ्रॉटलवरचा, म्हणजे हाताने पिळायच्या रेसवरचा, छोटा स्क्रू. तो जितका आत तितका थ्रॉटल कमी उघडतो, पोराने कितीही पिळलं तरी गाडी एका लिमिटच्या पुढे जात नाही. पोरगी किती शिकली हे मी त्या स्क्रूवरूनच बघतो. चालवता चालवता तिला कंटाळा यायला लागला, माझ्याशी शाळेच्या गप्पा मारायला लागली, की समजायचं झालं, आता अर्धा आटा ढिला करायचा. तोपर्यंत नाही म्हणजे नाही.

आज उभं राहून चालवायचं शिकवत होतो. बसून चालवताना खड्डा आला की पोरांचं अंग मागे फेकलं जातं, हात हँडलला लटकतात, मनगट खाली जातं आणि नेमका तेव्हाच थ्रॉटल अजून उघडतो. घाबरलेलं पोर त्याला अजूनच घट्ट पकडतं, मग काय, गाडी सुटलीच. म्हणून वजन पायात पाहिजे, फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, गुडघ्यांनी गाडी दाबलेली, कोपरं बाहेर, नजर दूर. हे सगळं सात वर्षांच्या डोक्यात एकदम कसं जाणार? मी इंजिन बंद ठेवूनच तिला पेगवर उभं केलं, हँडल धरून गाडी हलवली, मागेपुढे ओढली, डावी-उजवीकडे झुकवली. मग म्हटलं करंगळ्या उचल. पहिल्यांदा उचलल्याच नाहीत, बोटं पांढरी पडली होती इतकं दाबून धरलं होतं. "बाबा, मी पडीन ना." म्हटलं गुडघे दाब, मग उचल. थोड्या वेळाने उचलल्या बाईसाहेबांनी, आणि खांदेही आपोआप खाली आले, ते मला सांगावं लागलंच नाही.

त्यानंतर इंजिन चालू करून मुरमावर फक्कीने आखलेल्या रेषेवर थांबायची प्रॅक्टिस. रेषेच्या पुढे गेली की परत. पुढचा ब्रेक एकाच बोटाने, हळू, कारण सुट्या मुरमावर तो जोरात दाबला की पुढचं चाक घसरतंच.

आबा थर्मास घेऊन कंपाउंडजवळ बसले होते. "काहून पोरीले फटफटीवर बसवून राहिला बे, हातपाय मोडला तं?" हे दर रविवारचं आहे. पण तिची नी-गार्डची पट्टी ढिली झाली तर सगळ्यात आधी त्यांनाच दिसते, ओरडून गाडी थांबवतात.

मित्राचं म्हणणं, आता कावासाकीची केएलएक्स ११० घेऊन टाक, पोरगी लवकर तयार होईल. कशाला? ७६ किलोची गाडी, सीट ६८० मिलिमीटर उंच, क्लच लिव्हर नसला तरी चार गिअर पायाने टाकायचे. चिऊचं स्वतःचं वजन २२ किलो. पडली तर तिला उचलताही येणार नाही, आणि पडलेली गाडी स्वतः उचलणं हा मी शिकण्यातलाच भाग धरतो. मोठी गाडी घेतली की बापाची हौस भागते, बाकी काही नाही.

शेवटी तिला ती काळी माती चालवून बघायचीच होती. जा म्हटलं. थोडं अंतर गेली असेल, चाक न् मडगार्डच्या मधात माती अशी गच्च भरली की चाक फिरेचना, हळूच एका अंगावर आडवी झाली आणि तिथेच बसून हसत सुटली. आबा उठले, मी म्हटलं थांबा. तिने आधी इंजिन बंद करायचा किल स्विच दाबला! मग हँडल धरून उचलायला गेली, माती काही सोडेना, मग काडी घेऊन एकेक ढेकूळ काढत बसली. उचलायला शेवटी मी थोडा हात लावला, ती म्हणते लावला नाही.

येताना तर्री पोहे, तिचे बिनतर्रीचे. खाता खाता म्हणे, जम्प कधी? २०२४ ला पुण्यात सुपरक्रॉस लीगची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत जायची, रेस झाली होती, तिचे व्हिडिओ बघते ना मोबाइलवर. म्हटलं आधी बूट. आताचे अंगठ्याला लागून राहिले, आणि घोटा धरणारे बूट नसताना जम्प कुठली.

स्क्रू आहे तिथेच ठेवला आज. आईला मात्र सांगून टाकलं पोरीने की बाबांनी ढिला केला, आता ते निस्तरतो, आणि गाडी धुवायची राहिलीच आहे, ती माती वाळली की सकाळी खुरप्याने काढावी लागेल.