पू-६१

इंजिन गरम होतं. गाडी विकायला आलेला पोरगा म्हणत होता, "आत्ताच घरातनं काढली, मिस्त्री." घर सांगत होता दोन गल्ल्या सोडून. एवढ्या अंतरात स्प्लेंडरचं हेड हाताला चटका देण्याइतकं तापत नाही. मी काही बोललो नाही. हात फडक्याला पुसला आणि घेणाऱ्यांना म्हटलं, "बसा निवांत. गार झाल्याशिवाय मी बघणार नाही."

घेणारे म्हणजे करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातली मावशी आणि तिचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. मुलाला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काम लागलेलं, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीला गावातून जायला गाडी नाही आणि पहाटे सुटल्यावर परत यायलाही नाही. म्हणून मावशींनी म्हैस विकली होती. पैसे रुमालात बांधून कमरेच्या पिशवीत. ही डिसेंबर २०२२ ची गोष्ट. गाडी २०१४ ची स्प्लेंडर, एमएच ०९, काळी, लाल पट्ट्याची. सांगितलेली किंमत बत्तीस हजार.

कोल्हापुरात मी वीस वर्षांवर गॅरेज चालवतोय. जुनी गाडी तपासून द्या म्हणून आठवड्याला दोघं-तिघं येतातच. थंड इंजिनाचा माझा हट्ट सगळ्यांना माहीत आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या किकला कशी उचलते, टायमिंग चेन किती वेळ खडखडते, सुरुवातीला सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे सगळं थंडपणीच कळतं. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रीतून झिरपलेलं ऑईल त्या पहिल्या धुरात दिसतं. इंजिन आधीच तापवून आणलं की यातलं बरंचसं झाकलं जातं.

गार होईपर्यंत कागद बघितले. आरसी पहिल्या मालकाच्याच नावावर. हा पोरगा दोन वर्षं गाडी वापरत होता, पण नावावर केली नव्हती. टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे, सह्या करून कोरे ठेवलेले, तारीख नाही. आमच्याकडे हे सर्रास चालतं आणि मला त्याची चीड आहे. गाडी दिली की चौदा दिवसांत विकणाऱ्यानं आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, मग गाडी मधे कितीही हातांतून फिरलेली असो. म्हणजे दोन वर्षं हा पोरगा गाडी फिरवतोय आणि धोंडा लटकतोय तो त्या पहिल्या माणसाच्या डोक्यावर. कर्जाचा बोजा नव्हता, दंडाच्या पावत्याही थकलेल्या नव्हत्या. हँडलखाली मानेवरचा चेसिस नंबर आणि इंजिनखालचा नंबर आरसीशी जुळला.

मग गाडीकडे वळलो.

इंजिन, खरं सांगायचं तर, चांगलं होतं. ९७.२ सीसीचं हे साधं इंजिन वेळेवर ऑईल मिळालं की लई वर्षं कुरकुर करत नाही. एका किकला लागलं, धूर नाही, आवाज जरा जास्त, पण तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या ढिलाईचा. मुलाचा चेहरा खुलला. मी पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवलं. मधोमध येताच ते अडकलं. कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला होता. आठ वर्षांच्या गाडीला हे होऊ शकतं. पण मीटरच्या काचेत आतून तपकिरी कडा होती. ती मला खटकली.

हेडलाइटचे स्क्रू काढले आणि वाटी पुढे ओढली. वायरी जोडणारे कपलर हिरवे पडले होते. वाटीच्या तळाला, जिथं फडकं पोचत नाही तिथं, बोटभर रुंदीची माती बसलेली. वाळलेली, पिठासारखी बारीक, काळपट. रस्त्याची धूळ अशी नसते. धूळ उडून येते आणि सगळीकडे सारखी बसते. ही माती पाण्यातून आली होती, सावकाश खाली बसली होती, आणि तिला वरून एक सरळ रेघ होती.

त्या रेघेकडं मी बराच वेळ बघत राहिलो. तिचा अर्थ कोल्हापुरात कुणाला सांगावा लागत नाही. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, स्पेअरपार्टची गाडी येणं बंद झालं. पाणी ओसरल्यावर माझ्या गॅरेजसमोर मोटारसायकलींची रांग लागली ती थेट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. कुणी ढकलत आणलेल्या, कुणी टेंपोत घालून. सीटवर शेवाळ, सायलेन्सरमध्ये चिखल, एकीच्या एअर फिल्टरच्या डब्यात मेलेला मासा.

ज्यांनी घाईनं किक मारून बघितली होती त्यांचं नुकसान मोठं झालं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरानं वर गेला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. न वाकला तरी ऑईलमध्ये मिसळलेलं पाणी इंजिनभर फिरतं. म्हणून आम्ही आधी प्लग काढायचो, खालचा बोल्ट सोडायचो. पहिल्यांदा पाणी यायचं, मग दुधाच्या चहासारखं ऑईल. स्वस्तातलं ऑईल घालून, थोडं फिरवून ते काढायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा काढायचं. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून धुवायचे. दोन पोरं आणि मी, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. गाड्या इतक्या की कुठली कुणाची कळेना, म्हणून मी पांढऱ्या ऑईलपेंटनं सीटच्या पोटाला नंबर घालायला सुरुवात केली. पू म्हणजे पूर. पू-१, पू-२ असं एकशे बारापर्यंत गेलं.

हेडलाइट तसाच लोंबता ठेवून मी सीटचे बोल्ट काढले. सीट उलटी केली. पू-६१. अक्षर माझंच.

आत जाऊन कपाटातनं तेव्हाची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण त्या वहीची पानं अजून चिखलाच्या बोटांची आहेत. ओळ अशी होती: "६१. पाण्यात ५ दिवस. ऑईल २ वेळा. कार्ब. धुतला. प्लग नवा. चालू. वायरिंग नंतर. बेअरिंग नंतर. ड्रम नंतर. पैसे नंतर."

माणूसही आठवला. शुक्रवार पेठेतला, घरात छातीएवढं पाणी शिरलेलं. "फक्त चालू करून द्या, कामावर जायचंय" म्हणाला होता. उरलेलं काम नंतर करू असं दोघांचं ठरलं. तो आला नाही आणि मीही फोन केला नाही. एकशे बारापैकी कितींना केला, तर मोजून नऊ-दहा जणांना. वहीत त्याचा नंबर लिहिलेला होता. पानावर ते चार 'नंतर' एकामागे एक उभे होते आणि बाहेर एक मावशी म्हशीचे पैसे घेऊन बसली होती.

वही घेऊनच बाहेर आलो. सगळ्यांसमोर सांगितलं, ही गाडी २०१९ च्या पुरातली आहे, पाच दिवस पाण्यात होती, आणि ती चालू करून देणारा मीच. काय केलं ते वाचलं, काय करायचं राहिलं तेही वाचलं.

विकणारा पोरगा उसळला. "मिस्त्री, सौदा मोडायला बसलाय काय? मी पस्तीसला घेतली तेव्हा मला कोण बोललं नाही!" त्याचं खरं होतं. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "फ्यूज किती वेळा उडतो?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "महिन्यातनं दोनदा. फॉल्ट कुणालाच सापडत नव्हता." इंजिन तापवून आणायला त्याला कुणीतरी शिकवलं होतं, पण पुराचं त्याला खरोखर ठाऊक नव्हतं असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, आजही वाटतं.

मावशी आतापर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या पोराला म्हणाल्या, "बाळा, म्हस इकताना मी सांगितलं, एक सड अधू हाय म्हणून. चार हजार कमी आलं. घेणाऱ्यानं म्हस नेलीच की. तुझ्या गाडीचं तसंच धर." मग माझ्याकडे वळल्या. "आन् भाऊ, ऱ्हायलेलं काम तुम्ही करणार न्हवं?"

करणार म्हटलं.

किंमत साडेबावीसवर आली. घासाघीस फार झाली नाही. मी दोघांसमोर कागदावर हिशेब मांडला: नवं वायरिंग, दोन्ही चाकांची बेअरिंग, कोन सेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, मिळून सहा हजारांच्या आसपास. मजुरी मी लावली नाही. वहीप्रमाणे ते काम माझ्याकडे तीन वर्षं थकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मागचं चाक काढलं. ब्रेकच्या ड्रममधून वाळका गाळ परातीत काढला तर ओंजळभर निघाला. शू एका बाजूनंच झिजलेले. बेअरिंग बोटात धरून फिरवलं तर वाळू चावल्यासारखं लागलं, गोळ्यांना खड्डे पडलेले. चेसिसच्या पाइपात पाणी मारलं, तर तांबूस पाणी किती वेळ येत होतं. जुनं वायरिंग सोलून मुलाला दाखवलं. तांब्याची तार आत काळी ठिक्कर, टोकाशी हिरवी, दोन बोटांत मोडत होती. हा मुलगा रात्री महामार्गावरून ट्रकांच्या मधून जाणार होता. त्याच वेळी हेडलाइट गेला असता तर, हा विचार त्या आठवड्यात माझ्या डोक्यातून गेला नाही.

वहीतल्या नंबरावर फोन लावला. पहिले मालक शनिवारी आले. आपली गाडी दोन वर्षं परक्याच्या हातात आपल्याच नावावर फिरतेय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एजंटाला फॉर्म दिले म्हणजे झालं अशी त्यांची समजूत. फॉर्मवर नव्यानं सह्या केल्या, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घेतली, इन्शुरन्सही मुलाच्या नावावर करायला लावला. जाताना त्यांनी पाकिटातून साडेआठशे रुपये काढले. "पुरातले राहिलेत." मी घेतले. नको म्हटलं असतं तर त्यांना लागलं असतं. वहीत 'पैसे नंतर' यापुढे तारीख घातली.

गाडी देताना मुलाला अर्धा तास उभा केला. ऑईल दर दोन हजार किलोमीटरला, कंपनी जास्त सांगत असली तरी या गाडीला दोन हजारच. लिटरभर सुद्धा लागत नाही, त्यात काटकसर करायची नाही. ऑईलची काडी पुसून नुसती टेकवून बघायची, पिळून बसवून बघितली तर पातळी चुकते. चेन मधोमध साधारण इंचभर हलली पाहिजे. हवा पुढं २५, मागं २८, आणि आईला मागं बसवलंस तर मागं ४१. लोक मागचा हा आकडा पाळत नाहीत, आणि टायर खाल्लं की कंपनीला शिव्या देतात.

सगळ्यात जास्त मी बोललो ते धुण्याबद्दल. सर्व्हिसिंग सेंटरवरचा तो जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर, हेडलाइटच्या मागं आणि मीटरवर कधी मारू द्यायचा नाही. ग्रीस धुऊन निघतं, कपलरमध्ये पाणी शिरतं, आणि पुरात न बुडलेली गाडीसुद्धा पाच वर्षांत पुरातल्यासारखी होते. बादली, मग, फडकं पुरे. धुतल्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबत एक चक्कर मारायची म्हणजे ड्रम सुकतो, आणि मग चेनला ऑईल. जळकं काळं ऑईल नव्हे, ते माती धरतं.

मुलगा येतो. दोन हजार म्हटलं तर एकोणीसशेलाच येतो. त्याच्या येण्यानंतर मी ती जुनी वही पुन्हा वरपासून वाचायला घेतली, आणि ज्यांच्यापुढं 'नंतर' लिहिलं होतं त्यांना एकेक करून फोन लावले. बरेच नंबर बंद होते. काही गाड्या विकल्या गेल्या होत्या. सतरा आल्या. एकीचं पुढचं बेअरिंग काढताना हातातच फुटलं.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा धोका पातळी ओलांडली. तेव्हा एका रात्री मुलाचा फोन आला. "दादा, पाणी गल्लीच्या तोंडाला आलंय. गाडी वरच्या शाळेत नेऊन मेन स्टँडला लावली, बॅटरीच्या वायरी काढल्या. अजून काय करू?" पाणी चढलंच तर उतरल्यावर किक मारू नको, तशीच ढकलत माझ्याकडे आण, एवढं सांगितलं. मागून मावशींचा आवाज आला, "इचार की, शाळंत नव्या म्हशीच्या शेजारी लावलीया, चालंल न्हवं?"

चालेल म्हटलं, पण जरा लांब लाव. मूत लागून आरे गंजतात.