चासी नंबरातला गरगरीत शून्य

निपाणीहून कागलला राहायला आलेले एक शेतकरी जुनी जीप घेऊन आमच्या आरटीओ ऑफिसात आले होते. गाडीला केए २३, म्हणजे चिकोडीचा नंबर. त्यांना एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचा हवा होता. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, हे सीमाभागात सगळ्यांना पाठ असतं. पाळतात थोडे. यांनी पाळलं होतं. चिकोडीची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, नव्या नंबराच्या अर्जाचा फॉर्म २७, विमा, पीयूसी, सगळं नीट टाचलेलं. सोबत एजंटसुद्धा नव्हता!

मोटार वाहन निरीक्षक म्हणून मी आधी लोखंड बघतो, मग कागद. चासी नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळख-नंबर. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली. ठसा उठला, आकडे आरसीशी जुळत होते, पण एक शून्य फारच गरगरीत. शून्य उभट असतं. हा इंग्रजी ओ होता. १७ अक्षरांच्या चासी नंबरात आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. शेजारी ग्राइंडरचे ओरखडेही होते.

"इंजिन नंबर बघा की साहेब, त्यो बरोबर हाय," ते म्हणाले. होता बरोबर. पण इंजिन या गाडीतून त्या गाडीत सहज बसतं. गाडी अडवली, पोलिसांना कळवलं.

न्यायवैद्यक तपासणीत घासलेल्या जागेवर रसायन लावतात. पंच मारताना अक्षराखालचं लोखंडही दबलेलं असतं. वरचा थर खरवडला तरी तिथे रसायनाचा परिणाम वेगळा होतो आणि जुना आकडा उमटतो. अहवाल बऱ्याच उशिरा आला. खालचा नंबर तोच निघाला, फक्त ओच्या जागी शून्य. आधीच्या मालकाने पोलिसांना सांगितलं की गंजाने नंबर पुसट झाला होता, म्हणून गॅरेजवाल्याने तो घासून परस्पर नव्याने ठोकला. शून्याचा पंच बहुधा त्याच्याकडे नसावा.

एवढ्याशा गोलावरून गरिबाला पळवलंत, असं ऑफिसातलेच म्हणाले. पळवलं खरं. तसा ओ पुन्हा दिसला तर पुन्हा अडवीन, कारण चोरही असाच नंबर ठोकतात.

रीतसर परवानगीने नंबर दुरुस्त झाला, इथला टॅक्स भरला, एमएच ०९ मिळाला. निघताना त्यांनी विचारलं, कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचं काय? म्हटलं, उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण अर्ज तिकडेच करायचा.

"म्हंजे परत चिकोडी?"