लपवलेल्या वजनांचं बॅलन्सिंग: तीन चाकं झाली, चौथं अडलंय

सेट पाच स्पोकच्या अलॉय रिमचा, १७ इंची, ७ इंच रुंद. अट एकच: समोरून एकही वजन दिसता कामा नये, आणि तरी बॅलन्स दोन्ही पातळ्यांवर हवा, म्हणजे रिमच्या गाडीकडच्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना. रिमच्या आत मधोमध वजनांची एकच पट्टी चिकटवून मोकळं होता येतं, पण त्याने फक्त चाकाचं वर-खाली उडणं थांबतं. एवढ्या रुंद रिमला डावं-उजवं डुलणंही असतं, ते तसंच राहतं आणि स्टिअरिंगला जाणवतं.

थोड्याशा ग्रॅमांनी काय होतंय, असं वाटत असेल तर हा हिशेब बघा. ताशी १०० किमीला साधारण ६२ सेंमी व्यासाचं चाक सेकंदाला १४ फेरे मारतं. २० सेंमी त्रिज्येवर जास्तीचे २० ग्रॅम असले, तर ते त्या वेगाला सुमारे ३२ न्यूटन, म्हणजे सव्वातीन किलो वजनाइतका ओढा देतात, आणि तो ओढा चाकाबरोबर फिरत राहतो.

शाफ्टवर बसवणं

बॅलन्सिंग बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. टायरसकट २० किलोचं चाक बॅलन्सिंग मशीनच्या शाफ्टवर ०.१ मिमी जरी बाजूला बसलं, तरी २००० ग्रॅम-मिमीचा खोटा असमतोल तयार होतो. २० सेंमी त्रिज्येवर त्याचे झाले १० ग्रॅम. म्हणून आधी मधल्या भोकाची कड आणि हबला टेकणारा सपाट भाग नायलॉनच्या घासणीने स्वच्छ केला. चाक शाफ्टवर मध्यात धरणारा शंकू गाडीकडच्या बाजूने लावला आणि बाहेरून नटांच्या भोकांत बसणारी बोटांची प्लेट. तपासणी सोपी आहे: एकदा फिरवून आकडा लिहायचा, नट सैल करून चाक शाफ्टवर १८० अंश फिरवायचं, पुन्हा आवळून आकडा घ्यायचा. दोन आकड्यांत ५ ग्रॅमपर्यंत फरक चालतो. या रिमवर शंकू बाहेरून लावला की फरक १५ ग्रॅमवर जात होता, आतून लावल्यावर ३. ही तपासणी न करता पट्टी कापायला घेऊ नये.

पातळ्या

रिमवर छापलेली रुंदी आणि व्यास मशीनला देऊन वजनं मात्र भलतीकडेच चिकटवली, तर दुसऱ्या फेरीत शून्य यायचं कारणच नाही. लपवलेल्या वजनांच्या मोडमध्ये मोजणीचा दांडा जिथे पट्टी खरोखर बसणार आहे त्याच दोन जागांना टेकवायचा. आतली जागा गाडीकडच्या कडेपासून १५ मिमीवर घेतली, बाहेरची स्पोकच्या अगदी पाठीला. दोन्हींत ११५ मिमी अंतर मिळालं. क्लिपची वजनं दोन्ही कडांना लावली असती तर ते १९० मिमीच्या आसपास असतं. डुलणं मारायला लागणारं वजन या अंतराच्या उलट प्रमाणात वाढतं, म्हणजे इथे जवळपास १.६५ पट. म्हणून आतली पट्टी जितकी कडेला सरकवता येईल तितकी सरकवावी. मध्याकडे आणली की ग्रॅम उगाच फुगतात.

स्पोकमागे वाटणी

पहिलं चाक: आत ३५ ग्रॅम, बाहेर ३०. बाहेरची जागा नेमकी दोन स्पोकच्या फटीत आली, एका स्पोकपासून २० अंश आणि दुसऱ्यापासून ५२. पाच स्पोकमध्ये एकूण कोन ७२ अंश. वाटणीचं सूत्र असं: एका स्पोकमागचं वजन काढायचं तर मूळ वजनाला दुसऱ्या स्पोकपर्यंतच्या कोनाच्या साइनने गुणायचं आणि ७२ च्या साइनने भागायचं. जवळच्या स्पोकला २४.९ आले, लांबच्याला १०.८. लावले २५ आणि १०. उरलेला फरक १ ग्रॅमच्या आत.

दुसऱ्या चाकाला बाहेर २० ग्रॅम हवे होते, पण अगदी मधोमध. मध्यावर प्रत्येक स्पोकला मूळ वजनाच्या ०.६१८ पट लागतं, म्हणजे १२.४. अडीच ग्रॅमचे तुकडे हाताशी असले की असं काम सुंदर होतं: १२.५ आणि १२.५. थोडक्यात, २० ग्रॅमचं काम लपवायला २५ ग्रॅम लागले. बऱ्याच मशीनमध्ये ही वाटणी आपोआप होते, पण सूत्र माहीत असलेलं बरं. स्पोकची जागा दाखवताना चाक थोडं हललं की मशीन बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतं.

तिसऱ्या चाकाचं स्टॅटिक वाचन, म्हणजे फक्त वर-खाली उडण्यापुरता असमतोल, ८५ ग्रॅम आलं. एवढी लांब पट्टी लपवणं व्यर्थ आहे. हवा सोडून टायर रिमवर १८० अंश फिरवला, आधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करून. नवं वाचन ३५, आणि जड जागा खुणेबरोबर टायरसोबतच सरकलेली. म्हणजे टायरचा वाटा ६० आणि रिमचा २५. आधी दोन्ही एकाच बाजूला होते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी जागा दाखवतो. तो व्हॉल्व्हशी जुळवून बसवला की हा खटाटोप बहुधा टळतो.

चिकटवणं

जुनी वजनं हीट गनने कोमट करून प्लॅस्टिकच्या पात्याने काढली. धातूचं पातं लाखेला ओरखडतं आणि पुढे तिथूनच पापुद्रा निघतो. ब्रेकची काळी पूड साबणाने काढली, गोंदाचे अवशेष गोंद काढायच्या द्रावणाने, आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. त्याआधीचं द्रावण तेलकट थर सोडतं, म्हणून अल्कोहोल चुकवू नये. रिम गार असेल तर कोमट करून घ्यावी. टेपच्या चिकट बाजूला बोट लावायचं नाही. पट्टी एका टोकाकडून दुसऱ्याकडे दाबत न्यायची, मग प्रत्येक तुकड्यावर अंगठ्याचा पूर्ण जोर. चिकटलेली पट्टी उचलून परत लावली तर ती टिकत नाही, नवी घ्या. निदान २४ तास प्रेशर वॉशर दूर ठेवा.

वजनं काळ्या लेपाची पोलादी घेतली. शिशाचं वजन तेवढ्याच ग्रॅमला पातळ असतं, कारण घनता ११.३ विरुद्ध ७.९, पण युरोपीय संघाने २००५ पासून ते बंद केलंय आणि हाताळायलाही ते बरं नाही. जाडीचा प्रश्न येतो तो रिमच्या आत जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या कॅलिपरशी. पट्टीच्या जागी मातीचा गोळा चिकटवून चाक गाडीवर हाताने फिरवलं, दबलेली माती मोजली. टेपसकट पट्टी गेल्यावरही ३ मिमी मोकळे राहायला हवेत. ३५ ग्रॅमची पट्टी म्हणूनच एकच थर, वर दुसरा चढवला नाही.

दुसरी फेरी वाचणं

शून्य आलं नाही की लगेच नवा तुकडा चिकटवायची घाई नको. मशीन उरलेलं वजन आधीच्याच जागी मागत असेल तर वजन कमी पडलंय. समोरासमोर मागत असेल तर जास्त झालंय. काटकोनात मागत असेल तर ग्रॅम बरोबर आहेत, जागा चुकली आहे: ४० ग्रॅमची पट्टी ७ अंश, म्हणजे १९५ मिमी त्रिज्येवर सुमारे २४ मिमी सरकली तर ५ ग्रॅमची तक्रार येते. आणि पडद्यावरच्या शून्यावर भोळा विश्वास ठेवू नका. ठरावीक ग्रॅमांखालचं मशीन शून्यच दाखवतं. बारीक वाचनाचं बटण दाबून तिन्ही चाकं पाहिली, दोन्ही पातळ्यांवर ३ ग्रॅमच्या आत.

चौथ्याला वजन लावलंच नाही. डायल गेज (बारीक चढउतार मोजणारं काट्याचं मोजमाप) टायर बसतो त्या कडेवर फिरवला तर आतली बाजू ०.९ मिमी वर-खाली, बाहेरची ०.३. अशी रिम मशीनवर शून्य दाखवेल, पण रस्त्यावर दर फेऱ्याला उचलेल, कारण तिथे दोष वजनाचा नसून गोलाईचा आहे. आधी टायर उतरवून रिम सरळ करायला जाईल, ०.५ च्या आत आली तरच पट्टी.