सेस्रियमची दुसरी रात्र

मंगळवार, रात्री उशिरा

दादाने दुपारी आमच्या नामिबियाच्या सहलीची शीट उघडून सेस्रियमची, म्हणजे वाळवंटाच्या दारातली, दुसरी रात्र खोडली आणि ती इटोशा या अभयारण्याच्या खात्यात टाकली. शेजारी लिहिलं, 'वाळू एका सकाळीत बघून होते.' तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. राग आलाय की वाईट वाटतंय, तेही धड कळत नाही. नामिबियाची अंतरं मी मोजायची, फाटकांच्या वेळा मी शोधायच्या, आणि कुणीतरी एका क्षणात खोडायचं. वहिनीही काही बोलली नाही. ते जाऊ दे.

एका सकाळीत खरंच होतं का, ते मांडूनच बघते. ऑगस्टमध्ये तिथे सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो. उद्यानाच्या हद्दीत मुक्काम असेल तर आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. बाहेरच्या लॉजवर उतरलात तर सूर्योदयापर्यंत थांबावं लागतं. पुढे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आणि वेगमर्यादा ताशी ६०, म्हणजे एक तास. शेवटचे चार-पाच किलोमीटर नुसती भुसभुशीत वाळू. तिथे साधी गाडी सोडून शटल घ्यायची. स्वतःची फोर बाय फोर न्यायची तर टायरची हवा २० पीएसआयच्या खाली आणायची, नाहीतर चाकं रुततात. परतल्यावर हवा पुन्हा भरायची, म्हणून गाडी ताब्यात घेतानाच कॉम्प्रेसर मागून घ्यायचा. मग डेडव्हलेपर्यंत साधारण एक किलोमीटर वाळूतून चाल. आईचे गुडघे धरून अर्धा तास तरी लागेलच.

एवढं करून पोचायचं ते पांढऱ्या चिकणमातीच्या त्या कोरड्या तळाशी. त्सौचाब नदीचं पाणी तिथवर यायचं. वाळूच्या टेकड्या सरकल्या, पाण्याची वाट बंद झाली आणि कॅमलथॉर्नची झाडं उभ्या उभ्या वाळली. सहा-सातशे वर्षं झाली म्हणतात. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतसुद्धा नाही. सकाळी पश्चिमेची टेकडी आधी उजळते, झाडं मात्र सावलीतच असतात. ऊन तळाशी उतरायला वेळ लागतो. घड्याळ बघत उभं राहिलं तर यातलं काय दिसणार? शेजारचा बिग डॅडी हा वाळूचा डोंगर ३२५ मीटरचा. वाळूत दोन पावलं चढलं की एक खाली येतं. तो चढायचा तर ती सकाळ तिथेच संपली.

आणि एकच रात्र ठेवली तर त्याच दिवशी समुद्रकाठचं स्वाकोपमुंड गाठायचं. ३५० किलोमीटर, बहुतेक सगळा खडीचा रस्ता. वाटेतल्या सॉलिटेअरला टाकी भरायचीच, कारण पुढे वॉल्व्हिस बेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर काही नाही. मध्ये गाउब आणि कुइसेबचे घाट. खडीवर ८०च्या वर जायचं नाही. तिथे गाड्या उलटतात त्या समोरासमोरच्या धडकेने कमी, आणि कडेच्या सुट्ट्या खडीत चाक गेल्यावर घाबरून स्टिअरिंग फिरवल्याने किंवा ब्रेक दाबल्याने जास्त. स्टेपनी दोन हव्यात, आणि जॅकखाली ठेवायला एक सपाट फळी. एक पंक्चर म्हणजे पाऊण तास. साडेसहाला सूर्य मावळतो. अंधारात कुडू आणि ऑरिक्ससारखी मोठी हरणं रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा बऱ्याचदा रात्रीच्या अपघाताला लागू होत नाही. म्हणजे डेडव्हलेतून दहाच्या आत पाय काढायचा. एका सकाळीत होतं ते हे एवढंच.

दादाचंही कळतं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे आठ चित्ते कुनोत उतरले, तेव्हापासून त्याने हा देश मनात धरलाय. चित्ता दिसावा म्हणून इटोशात एक रात्र जास्त हवी. पण इटोशात सिंह आहेत, आणि सिंहांच्या राज्यात चित्ता बिचकून राहतो, शिकारही गमावतो. नामिबियातले बहुतेक चित्ते उद्यानांबाहेर, गुरांच्या कुरणांवर राहतात. ओटजिवारोंगोच्या आसपास, म्हणजे आपल्या परतीच्या वाटेवरच. तिथल्या चित्ता संवर्धन केंद्रात एक दुपार दिली तर चित्ता नक्की दिसेल. मोकळा नाही, तरी दिसेल.

हे सगळं त्याला पटेलही. मग मला एवढं का लागलं? हिशोब चुकला म्हणून नाही. जिथे काहीच नाही तिथे दोन रात्री कशाला, असं त्याला वाटतं, आणि मी तर त्या काहीच नसण्यासाठीच निघालेय. हे कुणाला तोंडाने सांगता येत नाही. आईला कदाचित येईल.

खरं तर इटोशातली जास्तीची रात्रही वाया जाणार नाही. तिथल्या ओकाउकुएयो मुक्कामाच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. कोरड्या महिन्यांत काळा गेंडा पाण्यावर येतो, आणि आपण कुंपणाआड बाकावर बसून बघायचं. तिथे वणवण करणाऱ्यापेक्षा एका जागी बसणाऱ्याला जास्त दिसतं. दादाला बसवलं तर बसेल तो. राहू दे त्याची रात्र.

सेस्रियमची परत टाकायला स्वाकोपमुंडची एक काढते. वॉल्व्हिस बेला सील प्राण्यांमधून कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, चालवायची इच्छा माझीच होती, आणि त्या थंड समुद्राच्या धुक्यात एक पूर्ण सकाळ हवी होती. धुकं बघायला एक संध्याकाळ मिळेल, कयाक राहील. चालेल मला. दोन्ही मिळणार नसतील तर वाळू हवी, हे आज निदान स्वतःशी पक्कं झालं.

उद्या शीटमध्ये बदल करून दादाला फोन करते, लिहून नको. आधी सेस्रियमची आतली जागा, मग ओकाउकुएयो, कारण ऑगस्टसाठी या दोन्ही फार लवकर भरतात. त्या तारखा हातात आल्याशिवाय विमानाची तिकिटं नाहीत. गाडी त्यानंतर. आणि दोघांनी आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, म्हणजे खडीवर आलटूनपालटून चालवता येईल.