रूथ पार्सन्सचा चेहरा

विज्ञानकथेतली स्त्रीवादी नायिका म्हटली की यानाचे सुकाणू हाती घेतलेली, शत्रूला भिडणारी स्त्री डोळ्यांपुढे येते. माझ्या मनात मात्र ठाण मांडून बसली आहे ती वॉशिंग्टनला सरकारी दप्तर सांभाळणारी, मुलीला घेऊन सुटीवर निघालेली रूथ पार्सन्स. ‘द विमेन मेन डोन्ट सी’ ही जेम्स टिप्ट्री ज्युनियर यांची १९७३ सालची कथा तिची आहे, पण ती सांगतो तिचा सहप्रवासी डॉन फेंटन, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

विमानातल्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना फेंटन तिच्या आसनावर धडपडतो आणि ‘सॉरी’ म्हणतो. त्या क्षणी त्याला दिसतात त्या दोन पुसट बायका, चेहरे नसलेल्या. पुढे त्यांचे छोटे विमान मेक्सिकोतल्या युकातानच्या खारफुटीत कोसळते. तरीही रूथ रडत-ओरडत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे त्याला तिचा संशय येऊ लागतो. तिला आपलीच भीती वाटत असणार, असेही तो धरून चालतो. तिच्या मनात तो कुठेच नसतो. पहिल्या वाचनात मीही फेंटनच्याच नजरेने तिच्याकडे पाहत होते, हे कबूल करायला हवे.

रात्री दलदलीत बसून ती त्याला शांतपणे सांगते, की पुरुषांच्या या अवाढव्य यंत्राच्या फटींतून बायका एकेकट्या-दुकट्या जगतात, ओपोसम या अमेरिकेतल्या लहानशा निशाचर प्राण्यासारख्या. त्यात ना आक्रोश, ना भाषण. हवापाण्याबद्दल बोलावे तसा सूर.

लेखक पुरुषच असला पाहिजे, असे विज्ञानकथाकार रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ साली टिप्ट्री यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ठासून लिहिले होते. पुढे दोनेक वर्षांतच टिप्ट्री हे ॲलिस शेल्डन या स्त्रीचे टोपणनाव आहे, हे उघड झाले. सिल्व्हरबर्ग यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे; पण चेहरा न पाहता ‘सॉरी’ म्हणणारा फेंटन मला त्या प्रस्तावनेतही दिसतो.

शेवट सांगून टाकते, कथेला पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. परग्रहावरचे जीव येतात तेव्हा फेंटन तिला ‘वाचवायला’ धावतो, आणि रूथ त्या अनोळखी जिवांनाच विनवते, आम्हाला घेऊन चला. मायलेकी निघून जातात. मागे उरलेला फेंटन मद्याचा पेला हातात धरून त्या हरवलेल्या दोन ओपोसमचा विचार करत बसतो.